उपाशी पेशीचा तास

स्वयंपाकाच्या धोंडाबाईला 'उद्यापासून येऊ नका' असा निरोप गेला, तेव्हा आम्हाला खात्रीनं कळलं की वसतिगृह रिकामं करायचं ठरलंय. तोपर्यंत नुसती कुजबुज होती. सकाळी आम्ही ताटं घेऊन खाली आलो तर स्वयंपाकघराच्या दाराला हे एवढं कुलूप. कोठीच्या खोलीलाही. आदल्या दिवशीचं घासलेलं पातेलंसुद्धा आतच अडकलेलं.

एकोणीसशे ऐंशीचा श्रावण होता तो. नाशकात सिंहस्थ भरलेला. तपोवनात तंबूच तंबू, रामकुंडाकडे पाय ठेवायला जागा नाही. आमच्या संस्थेचे सरचिटणीस मल्हारराव दातीर, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणायचे, त्यांनी बाहेरगावच्या बड्या पाहुण्यांना उतरायला जागा कबूल केली होती. ती जागा म्हणजे आमचं मुलींचं वसतिगृह. दिवाळीपर्यंत आम्ही आपापल्या घरी जायचं, असा हुकूम.

आम्ही म्हणजे सुरगाणा, पेठ, बागलाण, चांदवड अशा लांबलांबच्या गावांहून आलेल्या चाळीस-पन्नास मुली. मी नामपूरची. लता माझं नाव. बारावी सायन्सला होते. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या मैना पगारे मॅडम. कॉलेजात त्याच आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. तिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, सावळी बाई. लग्न केलं नव्हतं. नाशिकरोडच्या बौद्ध कॉलनीत आई राहायची, सिंधुबाई. मॅडम आवाज चढवून कधी बोलायच्या नाहीत, पण प्रयोगशाळेत एखादीनं सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर बोट टेकवलं तर नुसतं बघायच्या, आणि ती मुलगी आठवडाभर सरळ असायची.

त्या सकाळी मॅडमनी कुलूप एकदा हातानं ओढून बघितलं. मग मला आणि भागीला म्हणाल्या, "चपला घाला. दादासाहेबांकडे जाऊ."

भागी माझ्याच खोलीत होती. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची. बोलायला कमी. पण वर्गात प्रश्न विचारायची ते असे की मॅडम खडू खाली ठेवून विचार करायच्या.

दादासाहेब ऑफिसात चहा घेत होते. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. संस्थेच्या मुलांची नावं लक्षात ठेवायचा, लग्नाकार्याला हजर असायचा. "बसा पगारे मॅडम," ते म्हणाले. "अहो, दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे. बारा वर्षांतून एकदा येतं. पोरी घरी जातील, भाताच्या आवणीला हातभार लागेल, दिवाळीनंतर येतील परत."

"येणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "बारावीतली मुलगी एकदा घरी गेली की मागं येत नाही, दादासाहेब. तिचं लग्न ठरतं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"तुम्ही रेक्टर आहात. त्यांना समजावून सांगायचं काम तुमचं."

"समजावून सांगण्यासारखं यात काही नाही. कुलूप काढा."

दादासाहेबांनी कप खाली ठेवला. "हे बघा, सिंहस्थाला तुमच्या लोकांचा विरोध असेल, तो तुमचा तुमच्यापाशी. त्यात मुलींना ओढू नका."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "माझा विरोध कुलपाला आहे," त्या म्हणाल्या. "या मुलींतल्या निम्म्या आज सोमवारचा उपास धरून आल्यात. त्यांनी तो संध्याकाळी सोडायचा कशावर, तेवढं सांगा."

"घरी जाऊन सोडतील."

"मग माझंही ऐका. ते स्वयंपाकघर उघडेपर्यंत मी जेवणार नाही. वसतिगृहाच्या ओसरीवर बसणार आहे. कुणालाही येऊन बघता येईल."

दादासाहेब हसले. त्यांना वाटलं, बाई रागानं बोलतेय, उद्या शांत होईल.

मॅडमनी ओसरीवर सतरंजी टाकली, शेजारी पाण्याची कळशी आणि वाटीत मीठ ठेवलं. इतकीच तयारी. संध्याकाळी नाशिकरोडहून सिंधुबाई आल्या, बरोबर कॉलनीतल्या दोघी-तिघी. डोक्यावर पाट्या आणि पाट्यांत फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, मिरचीचा ठेचा, पिठलं. सिटी बसमधून आणलेलं सगळं. आम्ही रांगेत बसून खाल्लं. काही मुली आधी बिचकल्या. आमच्या घरांतून कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हे न शिकवता शिकवलेलं असतं. पण भूक होती, आणि सिंधुबाई समोर येऊन "घे गं माय, अजून घे," म्हणत होत्या. पहिल्यांदा भागीनं हात पुढे केला. मग सगळ्यांनीच.

सिंधुबाईंनी लेकीपुढेही भाकरी धरली. "मैना, अर्धी तरी खा."

"नाही आई."

"जिवाचं काय करून घेशील?"

"काही करून घेत नाही. तू बस इथं माझ्याजवळ."

म्हातारी बसली. मग तिथून हललीच नाही शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आमचं कुणाचंच लक्ष लागेना. मुली ओसरीवर येऊन मॅडमच्या पायाशी बसायच्या, डोळे पुसायच्या. मॅडमना ते रडणं आवडलं नाही. "वह्या आणा," त्या म्हणाल्या. "चाचणी जवळ आली आहे. तो अडगळीतला फळा काढा, भिंतीला टेकवा."

फळ्यावर त्यांनी यकृताची पेशी काढली. केंद्रक, तंतुकणिका, बाजूला छोटे गोळे. त्या गोळ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "या लयकारिका, लायसोसोम. यांच्या आत विकरं म्हणजे एन्झाइम असतात, काहीही फोडू शकणारी. तुमच्या पुस्तकात यांना काय म्हटलंय?"

"आत्मघाती पिशव्या," आम्ही एका सुरात म्हणालो. तेवढी व्याख्या सगळ्यांना पाठ होती.

मॅडमनी ते शब्द फळ्यावर लिहिले आणि त्यावर आडवी रेघ मारली. "परीक्षेत लिहायचं असेल तर लिहा. पण अर्धवट आहे हे. पिशवी फुटली तर पेशी मरते, हे खरं. पण रोज त्या काय करतात ते बघा. पेशीला बाहेरून अन्न मिळेनासं झालं, तर ती लगेच मरते का?"

मॅडमनी फळ्यावर एक अर्धवट गोल काढला.

"नाही मरत. तिच्या आतल्या द्रवाचा थोडा भाग, त्यातली एखादी तंतुकणिका, यांच्याभोवती पातळ पापुद्रा तयार व्हायला लागतो. वाढत वाढत त्याची टोकं जुळली की पिशवी झाली. मग लयकारिका येते, त्या पिशवीला मिळते, आपली विकरं आत सोडते. आतल्या प्रथिनांचे तुकडे होतात. अमिनो आम्लं मोकळी होतात. ती पुन्हा पेशीच्या कामी येतात. त्यांतून गरजेची नवी प्रथिनं बनतात, काहींपासून साखर होते, काही जळून ऊर्जा मिळते. याला स्वभक्षण म्हणतात. पेशी स्वतःचंच थोडं थोडं खाते, आणि त्यावर तगते."

"म्हणजे आत्ता तुमच्या..." एका मुलीनं वाक्य अर्धवट सोडलं.

"हो. आत्ता माझ्या यकृतात हेच जोरात चाललं असणार." मॅडमनी आपल्या बरगडीखाली हात ठेवला. "यात घाबरण्यासारखं काय आहे? तुमच्याही पेशीत चालू आहे. पोट भरलेलं असतानासुद्धा हळूहळू चालूच असतं. जुनी झालेली तंतुकणिका मोडायची, तिच्या मालातून नवी करायची. हे थांबलं तर पेशीत कचरा साठेल. गेल्या दिवाळीतली मैना पगारे आणि आजची मैना पगारे, नाव तेच, पण आतला पुष्कळसा माल बदललेला आहे."

भागीनं हात वर केला. "मॅडम, पेशीला कोण सांगतं, आता खा म्हणून?"

"स्वादुपिंडातून एक संप्रेरक येतं, ग्लुकागॉन. रक्तातली साखर उतरली की ते वाढतं. यकृताला तो निरोप पोचतो."

"आणि तो पापुद्रा? तो कुठून येतो?"

मॅडम खुश झाल्या. उपाशी चेहऱ्यावर ते हसू फार मोठं दिसलं. "ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही, भागी. जगात कुणालाच नाही. तू शोध."

तास संपला आणि मुली उठायच्या आधीच भागी जिन्याखालच्या खोलीत गेली. तिथं मोडक्या खाटा, वाळवी लागलेली बाकं, गंजलेले पत्रे असं वर्षानुवर्षांचं पडलेलं होतं. तिनं एक बाक ओढत बाहेर आणलं आणि अंगणात आपटलं. त्याचा पाय निखळला.

"काय करतेस गं?" मी ओरडले.

"सरपण," ती म्हणाली. "मागं न्हाणीची भिंत पडलीय, तिच्या विटा आण. चूल मांडू. नाशिकरोडच्या बायांनी किती दिवस डोक्यावर वाहायचं?"

मग काय विचारता! सगळ्या मुली त्या अडगळीवर तुटून पडल्या. खाटांच्या फळ्या, बाकांचे पाय, फुटकं कपाट, सगळं अंगणात आलं. एका जुन्या पत्र्याचा तवा झाला. भागीनं विटा रचून, माती लिंपून तीन चुली घातल्या. जिच्याजवळ जे होतं ते निघालं. कुणाच्या पेटीतले घरचे तांदूळ, कुणाची नागली, कुणाचे शेंगदाणे. आणि दुपारी कुंपणापाशी धोंडाबाई उभी! हातात परात.

"तुम्हाला काढलंय ना?" आम्ही विचारलं.

"कुलूप कोठीला लावलंय, माझ्या हातांना नाय," ती म्हणाली आणि पदर खोचून चुलीपुढे बसली.

ओलसर लाकडांचा धूर रस्त्यापर्यंत गेला. सिंहस्थाला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एक जण विचारून गेला, इथं अन्नछत्र आहे का म्हणून. त्यालाही भाकरी दिली.

दादासाहेबांना ही खबर लागली तसे ते स्वतः आले. अंगणातल्या चुली, तुटलेली बाकं बघून त्यांचा चेहरा लाल झाला. "संस्थेची मालमत्ता जाळता? हे शिकवता तुम्ही पोरींना?"

मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "दहा वर्षं वाळवी खात होती, दादासाहेब. तेव्हा कुणी विचारलं नाही."

"उद्या पोलीस घेऊन येतो. आमरण उपोषण म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. कलम आहे त्याला."

"आमरण कोण म्हणालं? मी कुलूप उघडेपर्यंत म्हणाले. तुमच्या मनात असेल तर आत्ता संपेल."

ते गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हातानं गप्प केलं, पण त्या संध्याकाळी मी बघितलं, उठून उभं राहताना त्यांनी आईचा खांदा घट्ट धरला होता. चेहरा पांढरा पडला होता. जवळ गेलं की त्यांच्या तोंडाला एक वेगळाच वास यायचा, पेरू फार पिकून गेल्यावर येतो तसा. मला भीती वाटली ते त्यांनी ओळखलं. "चरबी जळतेय," हळूच म्हणाल्या. "तिच्यापासून कीटोन होतात, मेंदू त्यांच्यावर चालतो. त्याचा वास आहे. पुढच्या वर्षी शिकशील."

"मला पुढच्या वर्षी नाही शिकायचं," मी म्हणाले. "तुम्ही जेवा."

"आणि कुलूप?"

मी कळशी उचलून पाणी भरायला गेले.

पोलीस आले ते एक दिवस सोडून. फौजदार, दादासाहेब आणि डॉक्टर गायधनी. डॉक्टर साठीचे, संस्थेच्या सगळ्या मुलामुलींना वर्षातून एकदा तपासणारे. डॉक्टरांनी फक्त लिहून द्यायचं होतं की ही बाई स्वतःचा जीव घेते आहे; मग फौजदार मॅडमना उचलून दवाखान्यात नेणार होते आणि मागोमाग दादासाहेब वसतिगृहाला टाळं ठोकणार होते. फौजदारांनी हे काही लपवलं नाही.

आम्ही मॅडमभोवती कडं करून बसलो. डॉक्टर म्हणाले, "मुलींनो, मला वाट द्या. मी मारायला नाही आलो." त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, पापणी खाली ओढून बघितली, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला.

"पगारे बाई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शिकवता म्हणून तुमच्याशी स्पष्ट बोलतो. तुमचं शरीर आता स्नायू फोडतंय. हृदय हाही स्नायूच आहे."

"माहीत आहे."

"अंगणात या पोरी मोडकं बघून जाळतायत. शरीर तेवढं बघत नाही. चांगलंही जातं."

"तेही माहीत आहे. उपाशी उंदराच्या यकृताचं दोन दिवसांत काय होतं ते मी वाचलंय, डॉक्टर. प्रथिनाचा मोठा वाटा जातो. पण खायला दिलं की भरून येतो. पेशी मरत नाही, त्याआधी लढते. मी पाणी घेते, मीठ घेते, पडून राहते. मला मरायचं नाही. मला या मुलींची परीक्षा घ्यायची आहे."

"भरून येतो, पण एका हद्दीपर्यंत. हद्द ओलांडली की तेच स्वभक्षण पेशीला संपवतं. ती हद्द तुम्हाला आतून कळणार नाही."

सिंधुबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "मग तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "हद्द आली की सांगा. तुमचा शब्द मी मानीन. पण यांच्या सोयीसाठी सांगू नका."

फौजदार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लिहिताय ना?"

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "जीव द्यायला बसलेलं माणूस मीठ मागून घेत नाही, फौजदारसाहेब. आत्महत्या मी लिहिणार नाही."

"अहो गायधनी!" दादासाहेब म्हणाले.

"आणि प्रकृती ठीक आहे असंही लिहिणार नाही," डॉक्टर त्यांना म्हणाले. "रोज दोनदा येईन. मल्हारराव, एक सांगतो. या बाईला काही झालं तर कुलूप कुणी लावलं होतं, हे मला विचारतील तिथं मी सांगेन."

पोलीस रिकाम्या हातानं गेले. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण दादासाहेब कच्चे नव्हते. त्यांनी गावोगाव निरोप धाडले होते, 'वसतिगृहात दंगा चालू आहे, आपल्या मुलीला घेऊन जा.' रविवारी सकाळपासून एस.टी.नं बाप यायला लागले.

सगळ्यांत आधी आले ते भागीचे वडील, पुंजा. खांद्यावर घोंगडी, पायात चिखल. मॅडमपुढे उकिडवे बसले. "मास्तरीणबाई, तुमी लय केलं. पन पोरगी नेतो मी. आवणी चालू हाय, घरात मानूस नाय. आन इथं पोलीस येत्यात म्हनं."

"पुंजाभाऊ, ती फार हुशार आहे. मी शपथेवर सांगते, ती कुठल्या कुठं जाईल."

"असंल. पन मला भ्या वाटतं."

भागी हट्टाला पेटली नाही, रडलीही नाही. पेटी बांधली. जाताना चुलीतली राख नीट बाजूला ओढून ठेवली आणि मला म्हणाली, "आच मंद ठेवत जा, लाकूड पुरलं पाहिजे." मॅडमच्या पाया पडायला वाकली तर मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. "मी येते न्यायला," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापालाही सांगून ठेव. मी येणार आहे."

त्या दिवशी आणखी सात-आठ मुली गेल्या. मॅडम भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. उपोषणात त्यांना मी खचलेलं बघितलं ते तेवढंच.

दुपारी माझे वडील आले. मल्हारी नाव त्यांचं, आम्ही दादा म्हणायचो; दादासाहेबांशी नावाचं साम्य तेवढं. नामपूरला कांदा पिकवणारे, रागीट. अंगणातला धूर बघून माझ्याकडे वळले. "लता, चाल घर. तुनी माय वाट दखी ऱ्हायनी."

"मी नाही येणार, दादा."

त्यांनी चुलीकडे बघितलं. धोंडाबाई भाकऱ्या थापत होती, शेजारी सिंधुबाईंच्या कॉलनीतल्या बाया कांदे चिरत होत्या. "आठे रांधस कोन?" त्यांनी विचारलं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं.

"धोंडाबाई रांधते. आणि मॅडमच्या घरच्या बाया. इतके दिवस त्यांनीच आम्हाला जगवलं. तुमच्या संस्थेनं नाही."

ते उभेच राहिले. ओसरीवर मॅडम उठून बसायचा प्रयत्न करत होत्या, आणि म्हातारी आई त्यांना मागून आधार देत होती. दादांनी ते बघितलं. मग चुलीपाशी आले, खाली बसले आणि धोंडाबाईपुढे हात केला. तिनं भाकरी दिली, त्यावर पिठलं. दादांनी ती सगळ्यांसमोर खाल्ली. हात धुतले आणि मला म्हणाले, "तुले आठेच राहानं शे?"

"हो."

"मंग ऱ्हाय." आणि ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले.

दादा संस्थेचे सभासद होते, निवडणुकीत मत देणारे. त्यांच्यासारखे आणखीही काही जण त्या दिवशी आले होते. एक चांदवडचे, दोन सटाण्याकडचे. दादांनी त्यांना हाका मारून शेजारी बसवलं. संध्याकाळी पाहुण्यांच्या गाद्या घेऊन ट्रक आला तर जिना बापांनी भरलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मग दादासाहेब आले.

"मल्हारीभाऊ, तुम्ही? अहो, तुम्हाला पोरीला न्यायला बोलावलं."

"तेच समजनं नही माले," दादा म्हणाले. "हाई बिल्डिंग आम्हनी मूठमूठ धान्यवर उभी शे. आम्हन्या पोरी आठून काढाले तुम्ही कोन?" मग चांदवडच्या गृहस्थांकडे बघून त्यांनी आवाज चढवला, "संस्थेची निवडणूक कधी आहे हो? फाल्गुनात ना?"

दादासाहेबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. रस्त्यावर गर्दी जमली होती. "वरचा मजला पाहुण्यांना देऊ, खाली मुली राहू द्या," ते म्हणाले. "तुमचंही राहील, माझंही राहील."

दादांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमचा आवाज आता पार खोल गेला होता. "मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "राहायचं मुलींना आहे."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "नाही." मग सगळ्याच म्हणालो. अनोळखी पुरुषांच्या पायाखाली झोपायचं आणि त्याच जिन्यानं ये-जा करायची? नाही. वरचा मजलाही आमचाच.

ट्रक परत गेला. अंधार पडायच्या आत शिपायानं किल्ली आणली. कुलूप गंजलं होतं की मुद्दाम अडकवलं होतं कोण जाणे, उघडेना. धोंडाबाईनं वरवंटा घेतला आणि कोयंड्यावर दोन घाव घातले.

डॉक्टर गायधनी तिथंच होते. मॅडमना ताटभर वाढायला निघालेल्या मुलींना त्यांनी मागं सारलं. "एकदम खायला घातलंत तर जिवावर बेतेल. तांदळाची पातळ पेज, वाटीभर. तीही घोट घोट." सिंधुबाईंनी ती पेज केली आणि लेकीला चमच्यानं भरवली. मॅडमनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आई, मीठ कमी आहे." आम्ही इतक्या हसलो की रडायलाच आलं.

अंगात ताकद यायला त्यांना दीड-दोन महिने लागले. तेवढ्यात आमची चाचणी झाली. थोडं चालता येऊ लागल्याबरोबर मॅडम सुरगाण्याला गेल्या. पुंजाभाऊंनी चहा दिला, पोरगी दिली नाही. मॅडम पुन्हा गेल्या, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला दादांना बरोबर घेऊन गेल्या. त्या वर्षी भागीची बारावी बुडाली ती बुडालीच. पण पुढच्या जूनमध्ये ती आली.

दादासाहेबांनी मात्र हे मनात ठेवलं. त्याच वर्षी दसऱ्यानंतर संस्थेनं चौकशी बसवली. मालमत्तेची नासधूस, परवानगीशिवाय ओसरीवर तास घेणं, मुलींना भडकवणं, असे आरोप. मुलींतर्फे मला बोलावलं होतं, म्हणून मी त्या खोलीत होते. लांब टेबल, त्यापलीकडे पाच माणसं. मॅडमना बसायला खुर्ची दिली नाही. त्या उभ्या राहिल्या. नेसलेलं पातळ अंगावर अजून सैल दिसत होतं.

"तुम्हाला रेक्टरपदावरून कमी करण्यात येत आहे," एकानं सांगितलं. "नोकरीचं बघू. ते तुमच्या उत्तरावर आहे. झाल्या प्रकाराबद्दल तुम्हाला खेद वाटतो का?"

"बाकांबद्दल नाही. भागी पुंजा हिचं वर्ष गेलं, त्याचा वाटतो. तेही लिहून घ्या."

"पुन्हा असं काही करणार नाही, एवढं तोंडी सांगितलंत तरी चालेल."

टेबलापलीकडचे सगळे त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, म्हणून टाकावं मॅडमनी. एवढंसं तर वाक्य आहे.

"मुलींच्या स्वयंपाकघराला कुलूप लागलं तर पुन्हा बसेन," मॅडम म्हणाल्या. "त्याच ओसरीवर. आता मला जाऊ द्या. अकराला माझं अकरावीचं प्रॅक्टिकल आहे, आणि बेडूक मी स्वतः उघडून दाखवल्याशिवाय त्या मुली हात लावत नाहीत."

उत्तराची वाट न बघता त्या वळल्या. मला म्हणाल्या, "लता, चल," आणि आम्ही जिना उतरायला लागलो.